मागे पाहणारा डोळा

घोड्याचे डोळे त्याच्या डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला भोवतालचा जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. नाकासमोरची आणि थेट शेपटीमागची चिंचोळी पट्टी एवढीच काय ती नजरेआड राहते. माणसाचे दोन्ही डोळे समोर. त्याचे दृष्टिक्षेत्र सुमारे २०० अंशांत संपते. टांगेवाला घोड्याला झापडे बांधतो तो यामुळेच. मागचे काहीबाही पाहून घोड्याने बुजू नये, हा त्यातला हेतू. पुढे घोड्याच्या जागी इंजिन आले आणि मागचे पाहू शकणारा गाडीतला एकमेव डोळा गेला.

हा गेलेला डोळा आरसा, भोंगा आणि कॅमेरा यांच्या रूपाने परत मिळवण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे लागली. ही हकीगत सहसा मोटारीच्या संदर्भात सांगितली जाते. आम्हाला मात्र ती एका वेगळ्याच यंत्राच्या संदर्भात अधिक बोलकी वाटते. ते यंत्र म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी फोर्कलिफ्ट. मोटार मागे जाते ती क्वचित, जागेवर लावताना किंवा काढताना. फोर्कलिफ्ट मात्र कामाचा बराचसा वेळ उलटीच चालत असते.

आरसा कोठून आला?

आपल्याकडे मागे पाहण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे माणूस. ट्रक मागे घेताना क्लीनर खाली उतरतो, फळीवर हात आपटत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो आणि शेवटी ‘बस्स!’ असे ओरडतो. एस.टी.चा वाहकही हेच काम करतो. युरोप-अमेरिकेतील सुरुवातीच्या शर्यतींच्या मोटारींतही असाच एक मदतनीस चालकाशेजारी बसत असे. मागून कोण येत आहे हे सांगणे, हे त्याचे एक काम.

इंग्लंडमधील मोटारचालक डोरोथी लेव्हिट यांनी १९०९ साली स्त्रियांसाठी मोटार चालवण्यावर एक पुस्तक लिहिले. जवळ एक लहान हातआरसा ठेवावा आणि अधूनमधून तो उंच धरून मागची वाहतूक पाहावी, असा सल्ला त्यांनी त्यात दिला होता. दोनच वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. रे हॅरून या चालकाने मदतनीस न घेता एकआसनी मोटार उतरवली. मागचे पाहणार कोण, अशी तक्रार इतर स्पर्धकांनी केली. त्यावर हॅरूनने मोटारीवर एक आरसा बसवून घेतला. ताशी सरासरी सुमारे १२० किलोमीटर वेगाने त्याने ती शर्यत जिंकली.

या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. त्या धावपट्टीवर विटा बसवलेल्या होत्या. विटांवरून धावताना आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच धड दिसत नव्हते, असे पुढे हॅरूननेच सांगितले. म्हणजे मागे पाहण्याचे हे साधन पहिल्याच मोठ्या प्रसंगी खडबडीत जमिनीपुढे हरले होते. पण मदतनिसाची जागा काचेच्या तुकड्याने घेतली ती घेतलीच. नियमाच्या दृष्टीने ‘मागे पाहण्याची सोय’ झाली होती. ती सोय खरोखर किती दाखवते, हे कोणी मोजले नव्हते.

उलटे चालणारे यंत्र

अमेरिकेतील मिशिगन राज्यात बुकॅनन येथे क्लार्क कंपनीचा मोटारीचे आस बनवण्याचा कारखाना होता. कारखान्यातल्या कारखान्यात माल हलवण्यासाठी १९१७ साली तेथे एक तीनचाकी गाडी तयार करण्यात आली. फोर्कलिफ्टच्या इतिहासाची सुरुवात बहुधा येथून केली जाते. माल उचलणारे काटे आणि ते वर नेणारा उभा मास्ट यांची जोड त्यानंतरच्या काळात मिळाली. दुसऱ्या महायुद्धात लाकडी पॅलेट आणि फोर्कलिफ्ट ही जोडी गोदामागोदामांत पोचली.

पण ही यंत्रे गुळगुळीत फरशीवरची. शेतावर, लाकडाच्या वखारीत किंवा बांधकामाच्या चिखलात ती निकामी ठरत. फ्रान्समध्ये आंसनी या गावी मार्सेल ब्रॉ यांनी १९५८ साली यावर एक सोपी युक्ती काढली. त्यांनी शेतीचा ट्रॅक्टर घेतला, चालकाचे आसन आणि नियंत्रणे उलटी फिरवली आणि मोठ्या चाकांच्या बाजूला मास्ट बसवला. ट्रॅक्टरची पाठ होती ती यंत्राची छाती झाली. मोठी चाके भार पेलू लागली आणि लहान, दिशा देणारी चाके मागे गेली. यातूनच ‘मॅनिटू’ या नावाने ओळखली जाणारी यंत्रे आली. पुढे मास्टच्या जागी दुर्बिणीच्या नळीसारखा लांब होणारा बूम आला. इंग्लंडमधील जेसीबी कंपनीचे ‘लोडॉल’ हे अशा प्रकारचे यंत्र १९७७ सालचे. बांधकामावरच्या कोणत्याही उकरणाऱ्या यंत्राला आपण ज्या कंपनीच्या नावाने हाक मारतो, तीच ही कंपनी.

या यंत्रांच्या रचनेतच मागे न दिसण्याची बीजे आहेत. पुढे उचललेल्या भाराने यंत्र तोंडघशी पडू नये म्हणून मागे जड प्रतिभार द्यावा लागतो. इंजिनही मागे किंवा बाजूला येते. बूम असलेल्या यंत्रात चालक बहुधा डावीकडे बसतो आणि बूम त्याच्या उजव्या हाताला असतो. तो थोडा उचलला की उजवीकडचा आणि मागचा मोठा भाग झाकला जातो. दिशा देणारी चाके मागे असली की वळताना यंत्राचे ढुंगण बाहेर फेकले जाते.

शिवाय प्रत्येक भार उचलल्यावर एकदा तरी मागे यावेच लागते, कारण काटे मालाच्या खालून फक्त मागेच निघतात. भार उंच असेल तर चालकाला पुढचेही दिसत नाही. अमेरिकेतील कामगार सुरक्षेचे नियम अशा वेळी भार पाठीमागे ठेवून, म्हणजे यंत्र उलटे चालवत न्यावे असेच सांगतात. पुढचे दिसत नाही म्हणून मागे जायचे, आणि मागचेही नीट दिसत नाही, असा हा पेच आहे.

अंध क्षेत्र मोजू या

चालकाला जमिनीचा जो भाग दिसत नाही त्याला ‘अंध क्षेत्र’ म्हणू. ते मोजायला नववीतले समरूप त्रिकोण पुरेसे आहेत.

समजा, चालकाचे डोळे जमिनीपासून २.५ मीटर उंचीवर आहेत. त्याच्या मागे २ मीटर अंतरावर यंत्राचा मागचा काठ आहे आणि त्याची उंची १.५ मीटर आहे. काठाला स्पर्शून जाणारी दृष्टिरेषा २ मीटरमध्ये १ मीटर खाली उतरते. म्हणजे ती चालकापासून ५ मीटरवर जमिनीला टेकेल. यंत्राच्या मागची ३ मीटर जमीन चालकाला दिसणारच नाही. तेथे वाकून काम करणाऱ्या, ०.९ मीटर उंची उरलेल्या माणसाचे काय? दृष्टिरेषा त्या उंचीवर ३.२ मीटर अंतरावर येते. म्हणजे काठापासून १.२ मीटरच्या आत असलेला हा माणूस पूर्णपणे अदृश्य आहे.

आता इंजिनाचे झाकण फक्त अर्ध्या मीटरने उंच करा. काठ २ मीटर उंच झाला की दृष्टिरेषा २ मीटरमध्ये अर्धाच मीटर उतरते आणि चालकापासून १० मीटरवर जमिनीला टेकते. अंध क्षेत्र ३ मीटरवरून ८ मीटर झाले! उंची थोडी वाढली आणि अंधार मात्र अडीच पटींहून अधिक वाढला. चालकाने कितीही मान वळवली, तरी हे गणित बदलत नाही. ‘नीट बघून चालव’ हा उपदेश येथे अपुरा पडतो, कारण बघण्याची वाटच बंद आहे.

आरसा आणि भोंगा यांच्या मर्यादा

मग आरसे लावू या. सपाट आरसा फारच थोडा भाग दाखवतो, म्हणून बहिर्वक्र आरसा घेतात. त्याची किंमत काय द्यावी लागते, तेही पाहू. आरशाची वक्रता त्रिज्या १.२ मीटर धरली तर नाभीय अंतर ०.६ मीटर. आरशापासून ६ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाची आभासी प्रतिमा आरशामागे सुमारे ०.५५ मीटरवर पडेल आणि ती मूळच्या एक-अकरांश असेल. चालकाचा डोळा आरशापासून १ मीटरवर असेल, तर ही प्रतिमा त्याच्या डोळ्याशी जेवढा कोन करते, तेवढा कोन प्रत्यक्षात १७ मीटरवर उभा असलेला माणूस करतो. सपाट आरशात तोच माणूस ७ मीटरवर वाटला असता. ‘वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे’ ही सूचना काही आरशांवर छापलेली असते, त्याचे कारण हेच. आणि आरसा बसवला तरी थेट प्रतिभारामागची जमीन त्यात बहुधा येतच नाही.

दुसरा उपाय आवाजाचा. मागे जाताना वाजणारे ‘पीं-पीं’ भोंगे १९६० च्या दशकात आले. अमेरिकेतील बांधकामांसाठी १९७१ पासून असा नियम आहे की, मागचे दिसत नसलेले वाहन मागे घेताना एकतर भोवतालच्या गोंगाटावर ऐकू येईल असा भोंगा हवा, किंवा इशारा देणारा माणूस हवा. भोंगा स्वस्त, माणूस महाग. कोणता पर्याय अधिक निवडला गेला हे सांगायला नको.

या भोंग्याची एक वैज्ञानिक अडचण आहे. आवाज कोठून आला हे आपण दोन प्रकारे ओळखतो. कमी वारंवारतेच्या ध्वनीत दोन्ही कानांवर लहरी पोचण्यातील वेळेच्या फरकावरून, आणि जास्त वारंवारतेच्या ध्वनीत डोक्याच्या ‘सावली’मुळे पडणाऱ्या तीव्रतेच्या फरकावरून. हे स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले. मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण १,००० ते ३,००० हर्ट्झच्या दरम्यान, दोन्ही खुणा दुबळ्या पडतात. एकाच वारंवारतेवर वाजणारे बरेचसे भोंगे नेमके याच पट्ट्यात किंवा त्याच्या सीमेवर असतात. कामगाराला आवाज ऐकू येतो, पण यंत्र कोणत्या बाजूने येते आहे ते कळत नाही. दिवसभर चार यंत्रे ‘पीं-पीं’ करत असली की तो आवाज ऐकूही येईनासा होतो. अनेक वारंवारतांचे मिश्रण असलेले, ‘खर्र-खर्र’ असा आवाज करणारे भोंगे त्यामुळेच नंतर वापरात आले.

कॅमेरा : कल्पना जुनी, साधन नवे

कॅमेऱ्याची कल्पना आपण समजतो त्यापेक्षा बरीच जुनी आहे. जनरल मोटर्सच्या १९५६ सालच्या प्रदर्शनात ‘ब्युइक सेंच्युरियन’ नावाची एक नमुना मोटार होती. तिला मागे पाहण्याचे आरसेच नव्हते. मागच्या बाजूला दूरचित्रवाणीचा कॅमेरा होता आणि चालकासमोर एक छोटा पडदा. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीनेही १९७२ च्या आपल्या प्रायोगिक सुरक्षित मोटारीत मागे कॅमेरा लावला होता. पण ही दोन्ही वाहने बाजारात आली नाहीत.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे काचेची निर्वात नळी. तिला उच्च दाबाची वीज लागे, ती जड होती आणि धक्क्यांना नाजूक होती. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या अर्धवाहक साधनाची कल्पना मांडली. प्रकाशाने सिलिकॉनमध्ये निर्माण झालेला विद्युतभार लहान लहान घरांत साठवायचा आणि तो एका घरातून दुसऱ्या घरात सरकवत बाहेर आणून मोजायचा, हे तिचे सूत्र. आगीच्या वेळी रांगेतले लोक पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसे. या कामासाठी दोघांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जपानमध्ये १९९१ साली टोयोटाच्या ‘सोअरर’ या मोटारीत मागचा कॅमेरा प्रत्यक्ष विक्रीसाठी आला.

पुढची पायरी १९९० च्या दशकातच अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठली. त्यांच्या सीमॉस संवेदकात प्रत्येक घरालाच स्वतःचा प्रवर्धक असतो. बादल्या हातोहात देण्याची गरज उरत नाही. संगणकाच्या चिपा बनतात त्याच पद्धतीने हा संवेदक बनतो आणि त्याला वीज कमी लागते. मोबाइल फोनमुळे तो अमाप बनू लागला आणि स्वस्त झाला. धक्के, धूळ आणि पाण्याचा मारा सोसेल अशा घट्ट डबीत बसवलेला कॅमेरा फोर्कलिफ्टच्या प्रतिभारावर लावणे आता सहज शक्य झाले.

येथे विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. मागच्या कॅमेऱ्याचे चित्र मुद्दाम उजवे-डावे उलटवून दाखवतात, ते का? कॅमेऱ्याचे तोंड मागे, चालकाचे पुढे. कॅमेऱ्याची डावी बाजू म्हणजे चालकाची उजवी. चित्र उलटवले नाही तर चालक नको त्या बाजूला चाक फिरवेल. म्हणून कॅमेऱ्याला आरशाची नक्कल करावी लागते.

नियम कशामुळे झाला?

नमुना मोटार १९५६ ची, विक्रीची मोटार १९९१ ची. पण अमेरिकेत सर्व नव्या हलक्या वाहनांना मागचे दृश्य दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली ती १ मे २०१८ पासून. कल्पनेपासून सक्तीपर्यंत ६२ वर्षे! तंत्र महाग होते हे एक कारण. दुसरे कारण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते: हे अपघात मोजलेच जात नव्हते.

तेथील प्राणघातक अपघातांची राष्ट्रीय नोंद सार्वजनिक रस्त्यांपुरती होती. घराच्या अंगणात किंवा वाहनतळावर मागे येणाऱ्या गाडीखाली मूल सापडले, तर तो ‘रस्ता अपघात’ ठरत नसे. अशी मुले गमावलेल्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २००८ साली कायदा झाला. रस्त्याबाहेरच्या अपघातांची वेगळी नोंद २००७ पासून ठेवली जाऊ लागली होती. आकडे पुढे आले: हलकी वाहने मागे घेताना दरवर्षी सरासरी २१० मृत्यू आणि सुमारे १५,००० जखमी. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालची मुले, तर २६ टक्के सत्तरी गाठलेली माणसे. २०१४ च्या अंतिम नियमाने वाहनामागचा सुमारे ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब पट्टा दिसला पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र उमटले पाहिजे, असे ठरवले. ताशी ५ किलोमीटर वेगाने वाहन २ सेकंदांत २.८ मीटर जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या २ सेकंदांचे मोल कळते.

फोर्कलिफ्ट या नियमात बसत नाही. ती रस्त्यावरचे वाहन नव्हे. तिच्या जगात मोजमापाची सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. बांधकामाच्या यंत्रांसाठीच्या आयएसओ ५००६ या मानकातील चाचणी मोठी सुंदर आहे. चालकाच्या आसनावर, डोळ्यांच्या जागी, ६५ मिलिमीटर अंतरावर दोन दिवे ठेवतात. अंधारात हे दिवे लावले की यंत्राच्या सावल्या भोवती १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर पडतात. प्रकाशाची वाट उलटसुलट सारखीच असते. म्हणून जेथे दिव्याचा प्रकाश पोचत नाही, ते चालकाच्या डोळ्यालाही दिसत नाही. सावली मोजली की अंध क्षेत्र मोजले गेले! मर्यादेपेक्षा मोठी सावली असेल तेथे आरसा किंवा कॅमेरा देऊन ती भरून काढावी लागते. बूम असलेल्या खडबडीत जमिनीवरच्या यंत्रांसाठी युरोपात २०१२ साली दृश्यमानतेचे वेगळे मानक आले.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बांधकाम यंत्रांच्या व्याख्येत फोर्कलिफ्टचा उल्लेख आहे. या यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी एआयएस १६० हे मानक २०२० साली अधिसूचित झाले आणि एप्रिल २०२१ व एप्रिल २०२४ अशा दोन टप्प्यांत लागू करण्याचे ठरले. चालकाची दृश्यमानता आणि यंत्र हलताना वाजणारा भोंगा, हे दोन्ही विषय त्यात आहेत. अशा मानकांच्या समितीचे सचिवालय पुण्यातील एआरएआय ही संस्था सांभाळते.

कॅमेरा लावला म्हणजे झाले काय?

नाही. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने नियम करतानाच अंदाज दिला होता की, कॅमेऱ्यामुळे असे २८ ते ३३ टक्के अपघात टळतील. म्हणजे दोन-तृतीयांश टळणार नाहीत. पडद्यावर चित्र असले तरी त्या क्षणी चालकाची नजर तेथे असेलच असे नाही. फोर्कलिफ्टच्या चालकाला तर काटे, भार, दोन आरसे आणि पडदा यांत नजर वाटावी लागते. भिंगावर चिखल बसतो, मावळतीचा सूर्य थेट भिंगात येतो, विस्तृत कोनाचे भिंग अंतरे फसवी करते. मोटारीत वापरतात ते अल्ट्रासाउंडचे संवेदक खडबडीत जमिनीवर दगड आणि गवत यांनाही अडथळा समजून ओरडतात. मग चालक त्यांच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. म्हणून माणसांची वाट आणि यंत्राची वाट वेगळी आखणे, हा साधा उपाय कॅमेरा आल्यावरही सोडून चालत नाही.

हॅरूनच्या आरशाने मदतनीस घालवला, भोंग्याने इशारा देणारा घालवला. प्रत्येक वेळी साधन बसवले की प्रश्न सुटला असे मानले गेले. अंध क्षेत्र किती आणि त्यात माणसे किती सापडतात, हे दोन आकडे हाती आले तेव्हाच साधनाची खरी परीक्षा सुरू झाली.

हे मोजमाप शाळेच्या मैदानात करता येते. शाळेची बस किंवा एखादी जीप मैदानात उभी करावी. इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले आणि किल्ली शिक्षकांच्या खिशात. एका विद्यार्थ्याला चालकाच्या जागी बसवावे. दुसऱ्याने ०.९ मीटर उंचीची काठी घेऊन गाडीमागून दूर जात राहावे आणि काठीचे टोक थेट किंवा आरशात प्रथम दिसेल तेथे फक्कीने खूण करावी. गाडीभोवती अशा वीस-पंचवीस खुणा झाल्या की त्या रेषेने जोडाव्यात. चौरसांच्या कागदावर आकृती उतरवून क्षेत्रफळ काढावे. मग पहिलीच्या वर्गाला बाहेर आणून त्या रेषेच्या आत उभे करावे, आणि चालकाच्या जागी बसलेल्या विद्यार्थ्याला विचारावे : किती मुले दिसतात?